भुयार थेट देवगिरीला

रिक्षात बसण्याआधी सर रिक्षावाल्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "घाई करायची नाही. जुनं गाव आहे. जुन्या गावात सावकाश जायचं असतं." मग ते मागच्या सीटच्या बरोबर मधोमध बसायचे, दोन गुडघे दोन दिशांना पसरायचे आणि उरलेल्या जागेत बाकीचं बीड शहर बसायचं.

त्या उरलेल्या जागेत मी बरीच वर्षं बसले आहे. मी नेकनूरची. सकाळच्या एसटीनं बीडला यायचं, एसटी चुकली तर काळीपिवळी जीपनं, आणि स्टँडवरून शेअर रिक्षानं बिंदुसरा नदीचा पूल ओलांडून जुन्या गावातल्या शाळेत. माझं नोकरीचं सगळं आयुष्य या एका लाइनवर गेलं. तुम्हीही अशाच कुठल्या तरी लाइनवर असाल, तर असा एक माणूस तुमच्याही रिक्षात असणार. तुम्ही त्याच्या गुडघ्यांना जागा करून दिली असणार.

सर आमच्याच शाळेत इतिहास शिकवायचे. मी भूगोलाला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं बघतात, तीर्थयात्रा करतात. सरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी वर्ग बदलला. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात पेपर वाचायला म्हणून ते घरातून निघायचे, आणि जाता-येता जी रिक्षा मिळेल तिच्यात शिकवायचे. शाळेत पोरांना निदान खिडकीबाहेर बघता यायचं. रिक्षात तीही सोय नव्हती.

त्यांच्या इतिहासात भुयारं फार. मंदिर दिसलं की त्याच्याखाली भुयार, दर्गा दिसला की त्याच्याखाली भुयार, आणि प्रत्येक भुयार थेट देवगिरीला. "घोडेस्वार मशाल घेऊन जायचा आतून. इथं आत शिरला की देवगिरीलाच बाहेर. याला म्हणतात इतिहास!"

एकदा लिंबागणेशचे एक शेतकरी आजोबा रिक्षात होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सर, तुमी गेलतात का कदी त्या भुयारात?"

सर त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाले, "भुयारात जायचं नसतं, बाबा. भुयार सांगायचं असतं."

आजोबा "आसं हाय व्हय" म्हणाले आणि पुढच्या चौकात उतरून गेले. मला वाटतं, सर आयुष्यात एकदाच खरं बोलले असतील तर ते त्या दिवशी.

सर अजून शाळेत होते तेव्हा सहावीच्या पोरांची सहल आम्ही खजाना विहिरीवर नेली होती. पोरं धडाधड पायऱ्या उतरली, मीही उतरले. आतलं पाणी, भिंतीतून येणारी त्याची वाट, वर दिसणारा आभाळाचा गोल तुकडा, पोरं नुसती वेडी झाली होती. सर एसटीत बसून राहिले. ऊन लागतं म्हणून पडदा ओढून घेतला होता. पोरं परत आल्यावर त्यांनी एकेकाला उभं करून, आत काय आहे ते सांगितलं. एका मुलीनं हात वर केला. "सर, तसं न्हाई हाय तिथं. पाणी दुसऱ्या अंगानं येतंय."

"तू पाहिलंस की मी पाहिलंय?" सर म्हणाले. मुलगी खाली बसली. तिच्या परकराचे काठ अजून ओले होते.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुलावरून चालत येताना दिसायच्या. एकदा आमची रिक्षा त्यांच्या अगदी शेजारी थांबली. आत सर होते. मी म्हटलं, "वहिनी, या ना, बसा."

सरांनी मान न वळवता सांगितलं, "तिला चालायची सवय आहे. आणि जागा कुठं आहे?"

जागा होती. सरांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये होती.

त्या दिवशी रिक्षा खलीलची होती. खलीलबद्दल सांगायलाच हवं, कारण सरांनी पुढं जे केलं ते त्याच्या जिवावर केलं. खलील जुन्या गावातला, बाप गॅरेजवाला. तोही आमच्या शाळेत शिकलेला, म्हणजे सरांचाच विद्यार्थी. स्वतःची रिक्षा, आरशाला मोगऱ्याचा गजरा, सीट रोज ओल्या फडक्यानं पुसलेली. बाईमाणसाला तो कधी पुढं आपल्या शेजारी बसवायचा नाही, एक शीट कमी मिळाली तरी चालेल. आणि सर बोलायला लागले की बाकीचे रिक्षावाले टेप मोठा करायचे, हा बंद करायचा.

मी त्याला म्हटलं होतं, "कशाला रे ऐकून घेतोस? सगळं खोटं आहे."

"बोलू द्या ना मॅडम," तो हसून म्हणाला. "शाळेत आमी ऐकलं न्हाई त्यांचं. पाठीमागं बसून गोट्या खेळायचो. आता ऐकतो. गुरू हायेत."

गुरू. हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त आहे की कुणाच्याही गळ्यात पडतो.

मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. कुठला ते विचारू नका, आमच्याकडे पुढाऱ्यांना तोटा नाही आणि वाढदिवसांना तर नाहीच. या साहेबांच्या मनात आलं, की यंदा रक्तदान, फळवाटप पुरे, काहीतरी वेगळं करू. म्हणून त्यांनी शहरासाठी एक मिनीबस काढली. स्टँडवरून पूल, जुनं गाव, मंदिर आणि परत. गोष्ट वाईट नव्हती. म्हाताऱ्या माणसांना, दवाखान्यात जाणाऱ्या बायकांना बरं झालं असतं. पण मार्ग ठरवायला एक समिती नेमली, आणि कुठल्याही समितीत एक इतिहासतज्ज्ञ लागतो.

सर महिनाभर इस्त्रीच्या शर्टात फिरत होते. "आम्हीच मार्ग काढून दिला," असं येईल त्याला सांगत होते. मार्ग म्हणजे काय, तर रिक्षा ज्या रस्त्यानं जात होत्या तोच. फक्त रिक्षा जुन्या वेशीला वळसा घालून जातात. सरांनी बस वेशीतून नेली. कागदावर.

बसला ड्रायव्हर हवा होता. सरांनी खलीलला गाठलं. मी रिक्षातच होते, त्यामुळे माझ्यासमोरच झालं ते.

"किती दिवस हे तीन चाकांचं ओढणार बे? साहेबांच्या गाडीवर लावून देतो. कायमचं. शब्द आहे माझा."

"मंग रिक्षाचं काय करू, सर?"

"विकून टाक. साहेबांचा माणूस रिक्षा चालवत नसतो."

खलीलनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रिक्षा ठेव, खलील. भावाला चालवायला दे."

"मॅडम," सर म्हणाले, "गरिबाचं कल्याण होतंय तर होऊ द्या."

खलीलनं रिक्षा विकली. बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, रोख पैसे हाती येणार म्हणून त्यालाही ते बरंच वाटलं असणार. त्यानं नीट विचार केला आणि सरांच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

बस आली ती डोक्यावर फ्लेक्स घेऊन. टपावर लोखंडी पट्ट्यांची फ्रेम ठोकलेली, तिच्यावर साहेबांचा हात उंचावलेला फोटो, आणि खाली ओळीनं गोल गोल चेहरे. शेवटचा गोल सरांचा. 'मार्गदर्शक व इतिहासतज्ज्ञ.' फोटो त्यांच्या लग्नाच्या आसपासचा असावा, कारण त्यात केस होते.

पहिल्याच दिवशी खलील वेशीपाशी खाली उतरला, कमानीखाली जाऊन उभा राहिला, वर बघितलं, परत आला, टपावर चढला, हातानं माप घेतलं. मग म्हणाला, "गाडी जाती. फ्रेम न्हाई जात." आणि बस वेशीअलीकडेच उभी करायला लागला. लोक उतरायचे, कमानीखालून चालत जायचे. कुणाची तक्रार नव्हती. कमानीखाली सावली असते, दोन-चार फळवाल्या बसलेल्या असतात, जाता जाता भाव करता येतो.

तक्रार फक्त सरांची. "बस वेशीतून गेलीच पाहिजे. या वेशीतून हत्ती गेलेत. अंबारीसकट!"

"सर, फ्रेम काढू द्या. पाच मिंटाचं काम हाय. पान्यानं काढतो अन् पलीकडं जाऊन पुन्हा लावतो."

"साहेबांचा फोटो उतरवतो? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

सीताफळाचे दिवस होते. डोंगरपट्ट्यातल्या बायका पाट्या भरभरून सीताफळं घेऊन शहरात येतात, त्यातल्या एक गयाबाई. त्या वेशीच्या आतल्या अंगाला, भिंतीला पाठ लावून बसायच्या. मी रोज त्यांच्याकडून फळं घ्यायचे. डोळा उघडलेलं फळ कुठलं, आज खायचं कुठलं, उद्या खायचं कुठलं, त्या वेगवेगळं काढून द्यायच्या. "ह्ये उंद्याला खावा बाई, आज हात लावू नगा," असं बजावून सांगायच्या.

त्या सकाळी मी शाळेला निघाले होते आणि बसमध्ये होते. सर पुढं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. साहेबांचे दोन कार्यकर्ते मोबाइल घेऊन वेशीच्या पलीकडे उभे होते. बस कमानीतून बाहेर येते आहे, असा व्हिडिओ त्यांना पाहिजे होता. सरांनीच सुचवलेलं.

खलीलनं रोजच्यासारखी बस अलीकडे उभी केली.

"घाल," सर म्हणाले.

"सर, लागंल वर."

"हत्ती गेलेत बे! तुझी बस हत्तीपेक्षा मोठी आहे का?"

मागून आम्ही दोघी-तिघींनी सांगितलं, "अहो सर, उतरतो आम्ही इथंच." सरांनी मागं हात केला, वर्गात गडबड झाल्यावर करायचे तसा. खलीलनं हॉर्न वाजवला. कमानीखालची माणसं बाजूला झाली. गयाबाई फळं पाटीत भरायला लागल्या. पिकलेलं फळ भराभर भरता येत नाही, चिरडतं. त्यांना वेळ लागत होता. खलील थांबला. मी साक्ष द्यायला आजही तयार आहे, तो थांबला होता.

सर उभे राहिले. पुढच्या काचेखाली थाप मारून म्हणाले, "आता थांबलास तर उद्यापासून गाडीवर यायचं नाही. घाल म्हणतो ना!"

खलीलची मान मला मागून दिसत होती. ती एकदा हलली. रिक्षा विकलेल्या माणसाची मान होती ती. त्यानं पहिला गिअर टाकला.

टपावर लोखंड दगडाला घासल्याचा आवाज आला, आधी बारीक, मग दात शिवशिवतील असा. बस अडकली. खलीलनं ब्रेक दाबला, पण फ्रेम कमानीत रुतली होती, आणि बस जराशी मागं सरकताच ती वरचे दगड घेऊनच खाली आली. एक मोठा दगड गयाबाईंच्या पायावर पडला.

त्या ओरडल्या नाहीत. "आगं आई" एवढंच म्हणाल्या, तेही हळू. पाटी उलटली होती. सगळीकडे फुटलेली सीताफळं, पांढरा गर, त्यात धूळ आणि रक्त.

खलीलनं उडी मारली. दगड एकट्यानं उचलला. त्यांना दोन हातांवर घेऊन तो पळत वेशीबाहेर गेला, पहिली दिसली ती रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात गेला. मी मागोमाग दुसऱ्या रिक्षानं गेले. पण जाण्याआधी मी सरांना पाहिलं. ते बसच्या दुसऱ्या दारानं उतरले होते, शर्टावरची धूळ झटकत होते आणि वर बघत होते. फ्लेक्स मधोमध फाटला होता.

"साहेबांचा फोटो गेला," ते म्हणाले.

दुपारपर्यंत पोलिसांनी खलीलला दवाखान्यातूनच नेलं. संध्याकाळी स्टँडवर मला कळलं, की सरांनी जबाब दिलाय. ते म्हणे खलीलला नको नको म्हणत होते. खलीलच्या कानाला मोबाइल होता. हॉटेलात चहा पिताना तर त्यांनी पुढची पायरी गाठली. चार माणसांत आवाज खाली आणून म्हणाले, "ही लोकं गाडी कशी हाणतात, तुम्हाला माहीतच आहे. आणि बाई कुणाची गेली पायानं? आपली."

तुम्ही आमच्या भागातले असाल तर अशा वाक्याचं पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस जुन्या गावात माणसं घोळक्यानं उभी राहायला लागली. खलीलच्या बापानं गॅरेजचं शटर खाली ओढलं.

मी ठाण्यात जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. फौजदारानं लिहून घेतलं, पण पेनला घाई नव्हती. "सर मोठे माणूस आहेत, मॅडम," तो म्हणाला. "ते कशाला खोटं बोलतील?"

तिथून मी थेट सरांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. सर झोपाळ्यावर बसले होते.

मी म्हटलं, "सर, पोरगा आत बसलाय. तुमच्या शब्दावर त्यानं रिक्षा विकली, तुमच्या शब्दावर गाडी घातली. ठाण्यात चला आणि खरं सांगा."

सर जराही चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पायाच्या अंगठ्यानं झोपाळा हलवत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. इतिहासात पडू नका."

"मी तिथं होते, सर."

"तिथं पुष्कळ जण असतात. सांगतो कोण, ते महत्त्वाचं."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी पाणी घेतलं नाही. त्या मला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि मागं बघून हळूच म्हणाल्या, "मला पण असंच सांगितलं त्यांनी. आल्या आल्या जरा वेगळं सांगत होते. मग तीन-चारदा सांगून सांगून असं झालं. आता त्यांना खरंच तसं वाटतंय हो."

मला तेव्हा भीती वाटली. खोटं बोलणाऱ्या माणसाला कुठेतरी पकडता येतं. याला कुठं पकडणार?

पकडलं ते गयाबाईंनी. सरकारी दवाखान्यात त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. शुद्ध नीट आल्यावर हवालदार जबाबाला आला. मी खाटेशेजारी होते. आजूबाजूला त्यांच्या गावची माणसं होती, पुतण्या होता, आणि सरांचं हॉटेलातलं वाक्य ऐकून तापलेली दोन-तीन पोरंही होती.

"बाई, ड्रायव्हर फोनवर बोलत होता का?" हवालदारानं विचारलं.

"कंचा फोन?" गयाबाई म्हणाल्या. "पोरगं दोन्ही हातानं गाडी धरून बसलं हुतं. हारन मारला त्यानं. थांबलाबी हुता माझ्यासाठी. त्यो टकल्या म्हातारा आतून 'घाल, घाल' करीत हुता. माझ्या डोळ्यानं बघितलं, कानानं ऐकलं." मग त्यांनी मान उचलली. "आन् त्या पोराला कावून धरलंय? त्यानंच उचलून आणलं की मला. त्याच्या शर्टाला रगत लागलंय माझं, जाऊन बघा."

पोरांतलं एक जण काहीतरी पुटपुटलं. गयाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "पाय माजा गेलाय का तुजा? मंग गप बस."

बाहेर घोळके विरले. खलीलला सोडलं. केस मात्र चालू राहिली, अशा केसेस राहतात. साहेबांनी दवाखान्याचं बघितलं आणि स्वतःचा फोटोही काढून घेतला, गयाबाईंच्या खाटेशेजारी. बस कुठल्याशा गोदामात गेली ती गेलीच. खलील दुसऱ्याची रिक्षा भाड्यानं चालवायला लागला. आरशाला गजरा नव्हता, मालकाला आवडत नाही म्हणाला.

आणि सरांना काय झालं? काही नाही. तुम्हाला वाटत असेल त्यांना लोकांनी जाब विचारला असेल, वाळीत टाकलं असेल. आपल्याकडे इस्त्रीच्या शर्टाला कुणी वाळीत टाकत नाही. गणपतीत एका मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्यांच्या जबाबाचं पुढं काय झालं, हेही कुणी विचारलं नाही. फक्त स्टँडवर खलीलचा नंबर लागलेला असला की सर म्हणायचे, "पुढं होऊ द्या, मी जरा चहा घेतो." खलीलही त्यांच्याकडे बघायचा नाही. असं वर्ष गेलं.

पुन्हा सीताफळं आली. एका सकाळी स्टँडवर गर्दी होती आणि रिक्षा एकच, खलीलची. मी आत बसले होते. सर आले ते एका मुलीला बरोबर घेऊन. पुण्याकडची असावी, गळ्यात कॅमेरा, जुन्या इमारती बघत फिरणारी. तिनं स्टँडवर कुणाला तरी वेशीचा रस्ता विचारला होता आणि तो प्रश्न सरांच्या कानावर पडला होता. बिचारी. सरांनी खलीलला पाहिलं. क्षणभर पाऊल अडलं. पण एक आख्खी नवीन श्रोती हातातून जात होती. ते चढले आणि मधोमध बसले.

पुलावर नदी सांगून झाली. मंदिर सांगून झालं. भुयार देवगिरीला पोचलं. मुलगी "हो का?", "अच्छा" म्हणत होती. खलील सरळ पुढं बघत चालवत होता. रस्ता वेशीजवळ आला, रिक्षा वळसा घ्यायला लागली, तेव्हा सरांनी बोट बाहेर काढलं.

"ती कमान बघा. वर दगड निखळलेत, खोक पडलीय, दिसली? वेढा पडला होता तेव्हाचा तोफेचा गोळा आहे तो. सात दिवस मारा चालू होता, पण वेस पडली नाही. याला म्हणतात इतिहास!"

मुलीनं कॅमेरा उचलला.

रिक्षा थांबली. खलीलनं इंजिन बंद केलं. मागं न बघता तो म्हणाला, "सर, उतरा."

"इथं कशाला? माझं घर पुढं आहे."

"उतरा सर."

आवाज चढलेला नव्हता. उलट लहान पोरगं वर्गात उभं राहून बोलतं तेवढाच होता. मुलगी गोंधळून आमच्याकडे बघायला लागली. "काय झालं?"

मी तिला सांगितलं, "तोफगोळा नाही तो. गेल्या वर्षी इथं एक बस घुसवली होती. घुसवणारे हे. चालवणारा हा. आणि दगड जिच्या पायावर पडला ती बाई समोर बसलीय."

गयाबाई खरंच समोर होत्या, कमानीच्या बाहेरच्या अंगाला. आता आत बसायचं धाडस होत नाही म्हणायच्या. पोत्यावर पाय लांब केलेला, पाटी मांडीजवळ.

मी सरांकडे पाहिलं. मग ते उतरले. उतरताना त्यांना माझ्या गुडघ्याचा आधार घ्यावा लागला, आणि खरं सांगते, तो मी दिला नाही. मी पाय आत घेतला.

ते रस्त्यात उभे राहिले. ऑक्टोबरचं ऊन होतं. जवळून एक रिक्षा भरून गेली, थांबली नाही. गयाबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांनी ओळखलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी पाटी जराशी बाजूला ओढली. मग म्हणाल्या, "उन्हात कावून उबं ऱ्हायलात, सर? या हिकडं. सावली हाय."

मला गयाबाईंएवढं मन नाही. मला त्या माणसाची तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही. दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथं मेट्रो आहे म्हणतात. तिथल्या लोकांचं भलं होवो.

पण मला ते शेवटचे दिसले ते असे. खलीलनं रिक्षा सुरू केली आणि मी मागं वळून पाहिलं. सर सावलीत गेले होते. गयाबाईंनी एक पिकलेलं सीताफळ दोन्ही हातांनी फोडून अर्धं त्यांच्यापुढं धरलं होतं. मला वाटलं, घेणार नाहीत. घेतलं. भिंतीला टेकून, मान खाली घालून ते खात होते, आणि तोंडातल्या बिया एकेक करून मुठीत जमवत होते.